डबा ओळखायचा कसा?

(रूळ आणि आपण : लेखांक ४)

रिसोड तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. रिठदच्या माणसाला गाडी धरायची तर आधी वाशिम गाठावं लागतं. जिल्हा विदर्भातला, पण पूर्णा-अकोला मार्गावरच्या या स्थानकाचा कारभार दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाकडे. २००८ पर्यंत इथे मीटरगेज होतं, दोन रुळांत जेमतेम एक मीटर अंतर. काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस त्यावरूनच धावायची. जुनी माणसं अजून तिचं नाव काढतात. आता ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर आहे आणि डबे देशभर फिरतात ते इथेही येतात. इंजिनाचं मागच्या वेळी झालं, आज डब्यांचं बघू.

मुख्य जाती दोन. पहिली आयसीएफ. चेन्नईतल्या पेरांबूरला १९५५ मध्ये सुरू झालेल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीची ही घडण, मूळ आराखडा स्वित्झर्लंडचा. दुसरी एलएचबी. ही जर्मनीची, पहिले डबे २००० च्या सुमारास आले, मग कपूरथळ्याच्या कारखान्यात बनू लागले.

रंगावर जाऊ नका, तो बदलता येतो. गाडी उभी असताना खाली वाकून चाकाकडे बघा. आयसीएफच्या डब्यात ब्रेकचे ठोकळे थेट चाकाच्या कडेवर दाबले जातात. एलएचबीत आसावर वेगळ्या चकत्या असतात आणि ब्रेक त्यांना धरतो. पण खरा फरक जोडणीत आहे. आयसीएफचे डबे मळसूत्राच्या साखळीने जोडलेले, दोन्ही बाजूंना गोल बफर. टक्कर झाली की असे डबे एकमेकांवर चढतात आणि जीव जातात ते बहुधा तिथेच. एलएचबीची मधली जोडणी एकमेकींत घट्ट अडकते, त्यामुळे डबे सहसा एकमेकांवर चढत नाहीत. याच जोडणीमुळे सुरुवातीच्या एलएचबी गाड्या निघताना आणि थांबताना धक्के देत, आणि लोक नव्या डब्यांना नावं ठेवत. मला विचाराल तर तो धक्का परवडला.

डब्याच्या अंगावर मोठ्या अक्षरांत एक क्रमांक असतो. पहिले दोन आकडे म्हणजे डबा बनल्याचं वर्ष. जुन्या पाच आकडी पद्धतीत उरलेले तीन प्रकार सांगतात : २०१ ते ४०० असेल तर स्लीपर, ४०१ ते ६०० असेल तर जनरल. ०८४३७ म्हणजे २००८ चा जनरल डबा.

स्लीपरमध्ये आयसीएफला ७२ जागा, एलएचबीला ८०. एलएचबीचा डबा सुमारे दोन मीटर जास्त लांब आहे म्हणून. जनरलमध्ये ९० आणि सुमारे १००. हे झालं कागदावरचं. सणासुदीला जनरलच्या दारात उभं राहिलेल्याला हे आकडे सांगून उपयोग नाही. वंदे भारतचे फोटो कितीही देखणे असोत, आपल्याकडचा बहुतेक प्रवासी बिगरवातानुकूलित डब्यात बसतो, आणि रेल्वेची प्रगती मोजायची तर तिथेच मोजली पाहिजे.

पेरांबूरने आयसीएफ पद्धतीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर काढला. ते डबे रुळांवरून लगेच जात नाहीत. डब्याचं ठरलेलं आयुष्य साधारण २५ वर्षांचं असतं.

पुढच्या लेखांकात लातूरचा मराठवाडा रेल्वे कोच कारखाना. त्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि पहिल्या डब्याचा सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला.