चालायला वाट हवी, पण घर शाबूत ठेवून

दवाखान्यात साखर किंवा रक्तदाब वाढलेला निघाला की गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एक सल्ला हमखास मिळतो : रोज अर्धा तास चाला. या सल्ल्याला पैसे पडत नाहीत. पण वस्तीत राहणाऱ्या माणसापुढे लगेच प्रश्न उभा राहतो, चालायचे कुठे? गल्ली दोन माणसे आडवी गेली की भरते. खाली उघडे गटार, वर लोंबणाऱ्या वायरी. मुख्य रस्त्यावर फुटपाथ असला तर त्यावर गाड्या उभ्या. बाग असते ती दोन चौक पलीकडे, आणि तिचे फाटक नेमके कामावरून परतायच्या वेळी बंद होते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे. म्हणजे चालण्याची जागा ही औषधाइतकीच गरजेची वस्तू आहे. ही जागा शहरात कुठून आणायची, यावर जगातल्या काही शहरांनी एक उत्तर शोधले आहे : बंद पडलेले रेल्वेमार्ग. त्यातले एक मोठे उदाहरण अमेरिकेतल्या अटलांटा शहराचे आहे. आम्ही ते निवडले, कारण त्यात फायदा आणि धोका दोन्ही स्पष्ट दिसतात.

शहराभोवतीचा रुळांचा कंबरपट्टा

अटलांटा हे रेल्वेमुळे वाढलेले शहर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शहराच्या मध्यभागातली गर्दी टाळून मालगाड्या नेण्यासाठी बाहेरून वळसा घालणारे चार रेल्वेमार्ग बांधले गेले. त्यांच्या कडेने गोदामे आणि कारखाने उभे राहिले. पुढे मालवाहतूक ट्रकांकडे गेली, कारखाने बंद पडले, रुळांवर गवत आणि झुडपे वाढली.

हे रूळ नुसते रूळ नव्हते. अनेक ठिकाणी ते गोऱ्यांची वस्ती आणि काळ्यांची वस्ती यांच्यामधली सीमारेषा होते. मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म याच शहरातल्या ऑबर्न अॅव्हेन्यू भागात झाला. जुन्या रेल्वेपट्ट्याचा पूर्वेकडचा भाग तिथून जवळच आहे. किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळमध्ये अस्पृश्य समाजातल्या मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतला एक अस्पृश्य अशी करून दिली. ते आधी चपापले. मग विचार करून म्हणाले की होय, मी अस्पृश्यच आहे. ही आठवण त्यांनी १९६५ साली अटलांटाच्या आपल्या चर्चमध्ये सांगितली. म्हणून या शहरातल्या वस्त्यांचे काय झाले हे आपल्याला परके वाटू नये.

१९९९ साली जॉर्जिया टेक या संस्थेतल्या रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधात एक कल्पना मांडली. हे चारही मार्ग जोडले तर शहराभोवती २२ मैलांचे, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरचे वर्तुळ तयार होते आणि ४५ वस्त्या एका दोरीत ओवल्या जातात. त्यावरून हलकी प्रवासी रेल्वे चालवावी, अशी त्याची मांडणी होती. नगरसेविका कॅथी वूलार्ड यांनी ती उचलून धरली. वस्त्यावस्त्यांत सभा झाल्या, आणि पायवाट, सायकलमार्ग, बागा व परवडणारी घरे यांची भर पडत गेली. २००५ साली शहराने योजनेला मान्यता दिली. तिचे नाव बेल्टलाइन. २००८ मध्ये वेस्ट एंड भागातला पहिला तुकडा खुला झाला. २०१२ मध्ये पीडमाँट पार्क ते इनमन पार्क हा पूर्वेकडचा टप्पा सुरू झाला आणि शहर तिथे लोटले.

रुळांची जागा चालायला चांगली का?

भरलेल्या मालगाडीला तीव्र चढ चढता येत नाही. म्हणून रेल्वे बांधताना टेकडी कापतात, खोलगट जागी भराव घालतात. १०० फुटांना साधारण एक-दोन फुटांपेक्षा जास्त चढ ठेवत नाहीत. वळणेही लांबट असतात. गुडघे दुखणारी आजी, चाकाच्या खुर्चीतला माणूस, पोटुशी बाई, नुकती सायकल शिकणारी मुलगी, या सगळ्यांना अशी वाट झेपते.

दुसरे, रेल्वे बहुतेक ठिकाणी पुलावरून किंवा पुलाखालून रस्ता ओलांडते. त्यामुळे गाड्यांशी गाठ कमी पडते आणि अपघाताची भीती कमी होते. अटलांटातली वाट सुमारे १४ फूट रुंद, सिमेंट काँक्रीटची आहे. चालणारे, धावणारे आणि सायकलवाले तीवर एकत्र मावतात.

तिसरे, ती सलग असते. वीस मिनिटे न थांबता चालणे आणि दर दोन मिनिटांनी गाडीला वाट देत चालणे यांत शरीराला मिळणारा व्यायाम सारखा नसतो.

एक धोकाही इथे सांगायला हवा. जुन्या रेल्वेच्या जमिनीत विष साचलेले असू शकते. लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून त्यांना डांबरासारखे रासायनिक तेल पाजत. गवत मारायला आर्सेनिकची औषधे फवारत. इंजिनातल्या कोळशाची राख, तेल आणि शिसे मातीत मुरते. म्हणून अशी जागा खुली करण्याआधी माती तपासावी लागते, आणि गरज असेल तिथे वरचा थर काढून किंवा झाकून टाकावा लागतो. आपल्याकडेही जुन्या सायडिंगच्या मातीत मुले खेळत असतील तर घरी येताच त्यांचे हातपाय साबणाने धुवावेत. तिथे पालेभाजी लावू नये.

पाणी तुंबणाऱ्या वस्तीत तळे

या योजनेतले एक काम पावसाळ्यात घरात पाणी शिरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. पूर्वेकडच्या टप्प्याजवळ ओल्ड फोर्थ वॉर्ड हा सखल भाग आहे. जोराचा पाऊस झाला की तिथे पाणी भरायचे. जमिनीखाली मोठा बोगदा बांधून पाणी काढायचे असा विचार होता. स्थानिक लोकांनी आणि तज्ज्ञांनी दुसरा पर्याय पुढे केला : पाणी साठवणारे उघडे तळे करा आणि भोवती बाग करा. बोगद्यापेक्षा कमी खर्चात काम झाले. २०११ साली बाग खुली झाली. आता पावसाचे पाणी तळ्यात जाते आणि कोरड्या दिवसांत काठावर लोक फिरतात.

घरे कुठे गेली?

आता दुसरी बाजू. या वाटेसाठी पैसा कुठून आला ते आधी समजून घेऊ. शहराने पट्ट्याभोवतीचा भाग वेगळा आखला. पुढची २५ वर्षे त्या भागातला मालमत्ता कर जितका वाढेल, ती वाढ या योजनेला मिळेल, असे ठरवले. त्या वाढीच्या भरवशावर कर्ज काढायचे आणि काम करायचे. याचा अर्थ नीट पाहिला तर लक्षात येते की जमिनीचे भाव चढले तरच योजना पुढे जाणार होती. भाववाढ हा अपघात नव्हता, तो हिशेबाचाच भाग होता.

भाव चढले. प्राध्यापक डॅन इमरग्लक यांच्या अभ्यासानुसार २०११ ते २०१५ या काळात पट्ट्यापासून अर्ध्या मैलाच्या आतल्या घरांच्या किमती शहरातल्या इतर भागांपेक्षा सुमारे १८ ते २७ टक्के जास्त वाढल्या. सिअर्स कंपनीच्या १९२६ सालच्या प्रचंड इमारतीत महागडी दुकाने आणि सदनिका आल्या. घरमालकांचा कर वाढला. भाडेकरूंचे भाडे वाढले, आणि भाडेकरूला तर विकून चार पैसे मिळवायचीही सोय नसते. ज्यांनी बंद कारखान्यांच्या शेजारी वाईट दिवस काढले, त्यांना चांगले दिवस आल्यावर तिथे राहणे जड झाले.

योजनेत २०३० पर्यंत ५,६०० परवडणारी घरे देण्याचे वचन होते. कर्जाच्या रकमेतला १५ टक्के भाग त्यासाठी राखला होता. पण वाट आणि बागा पुढे गेल्या, घरे मागे राहिली. २०१६ साली खुद्द ग्रॅव्हेल यांनी आणि समतेसाठी काम करणारे नॅथनिएल स्मिथ यांनी बेल्टलाइनसाठी निधी उभारणाऱ्या संस्थेच्या मंडळाचा राजीनामा दिला. परवडणाऱ्या घरांकडे पुरेसे लक्ष नाही, हे त्यांचे कारण होते. ज्याने कल्पना मांडली त्यानेच असे सांगितल्यावर शहराला ऐकावे लागले. २०१८ पासून पट्ट्याजवळ दहा किंवा अधिक भाड्याची घरे बांधणाऱ्याला त्यातला ठरावीक हिस्सा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ठेवणे सक्तीचे झाले. जुन्या घरमालकांच्या वाढीव कराचा बोजा उचलणारी योजनाही पुढे आली. हे चांगलेच, पण ते वाट खुली झाल्यावर काही वर्षांनी आले. आणि मूळ कल्पनेतली प्रवासी रेल्वे, जिच्यावर गाडी नसलेल्या कामगाराचा प्रवास अवलंबून होता, ती अजून धावलेली नाही.

आपल्याकडचा धडा : तानसा आणि माहुल

मुंबईत रुळांऐवजी जलवाहिनी होती. तानसा तलावाचे पाणी आणणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या कडेने अनेक वर्षांपासून वस्त्या होत्या. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करा, असा आदेश उच्च न्यायालयाने दिला. पुढे महापालिकेने त्या मोकळ्या पट्ट्यावर ३९ किलोमीटरचा सायकल आणि पायी चालण्याचा मार्ग आखला. पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता महत्त्वाचीच आहे, याबद्दल वाद नाही. प्रश्न आहे उठवलेल्या माणसांना कुठे पाठवले हा.

त्यातल्या हजारो लोकांना माहुलला घरे मिळाली. माहुल तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांच्या शेजारी आहे. तिथल्या हवेचा प्रश्न २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे गाजला होता. लोकांनी दम, खोकला, त्वचेच्या तक्रारी सांगितल्या. मुलांची शाळा तुटली, कामाची जागा दूर गेली. विद्याविहारला लोक महिनोन् महिने रस्त्यावर आंदोलनाला बसले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की लोकांना माहुलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी.

एका बाजूला आरोग्यासाठी सायकलची वाट आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागेवरून गेलेल्या माणसांच्या छातीत धूर, असा हा हिशेब आहे. वाट कुणाचे आरोग्य सुधारते आणि कुणाचे बिघडवते, हे दोन्ही एकाच वहीत मांडले पाहिजे. सार्वजनिक जागा सर्वांची असते म्हणजे काय, हे १९२७ साली महाडला गेलेल्या लोकांच्या वारसांना वेगळे सांगायला नको.

नकाशा आला की काय विचारायचे?

वस्तीजवळ वाट, बाग किंवा नदीकाठ सुधारण्याची योजना आली तर नुसता विरोध किंवा नुसते स्वागत करू नये. हे प्रश्न लेखी विचारावेत आणि पोच घ्यावी :

१. किती घरे हलणार? यादी कुठे पाहायला मिळेल? भाडेकरूंची नोंद त्यात आहे का?
२. पर्यायी घर किती अंतरावर? तिथली हवा, पाणी, शाळा आणि दवाखाना यांची तपासणी कुणी केली?
३. आधी घरे की आधी वाट? तारीख काय?
४. मातीची तपासणी झाली का?
५. वस्तीतून वाटेवर जायला थेट रस्ता आहे, की मधे भिंत?
६. दिवे, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि बसायला बाके कुठे?
७. फेरीवाल्यांची जागा राखली आहे का?

शहराचा विकास आराखडा तयार होतो तेव्हा महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या ठरलेल्या मुदतीतच द्याव्या लागतात. विहारात किंवा महिला मंडळाच्या बैठकीत नकाशा भिंतीवर लावून सगळ्यांनी पाहिला तर काम सोपे होते.

तोवर चालणे थांबवू नका

वाट होईल तेव्हा होईल. साखर तोवर थांबत नाही. अर्धा तास सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चाला. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. मुख्य रस्त्याचा धूर टाळून आतल्या रस्त्याने, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या मैदानात फेऱ्या मारा. शाळा सुटल्यावर तासभर मैदान उघडे ठेवावे, ही मागणी मुख्याध्यापकांकडे करता येते. बायकांनी चार-पाच जणींचा गट केला तर संध्याकाळीही धीर येतो आणि खाडे कमी होतात.

मधुमेह असेल तर अनवाणी किंवा झिजलेल्या चपलेने चालू नका. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहा. छोटी जखमही डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये आणि खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. चालताना छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा, बसा, आणि सोबत्याला १०८ वर फोन करायला सांगा.