मोटारीची नवी त्वचा

जयपूरच्या परकोटात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या प्रवाशाच्या मनावर ठसतो तो तेथील रंग. सवाई जयसिंहाने १७२७ साली वसविलेल्या या नगरीच्या दर्शनी भिंतींना, महाराजा रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत, १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी गुलाबी रंग देण्यात आला, असे सांगितले जाते. चुन्यात कालवलेला गेरू भिंतीवर फासला की चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचे हळूहळू चुनखडकासारख्या कठीण द्रव्यात रूपांतर होते. रंगाचे कण त्यात कायमचे अडकून पडतात. रंग आणि भिंत ही मग दोन उरत नाहीत.

त्याच शहरात आज एखादा हौशी गृहस्थ आपल्या पांढऱ्या मोटारीला निळी करू इच्छितो, तेव्हा त्याच्या हाती कुंचला नसतो; १.५२ मीटर रुंदीची प्लॅस्टिकची गुंडाळी असते. बाजारात हिला ‘विनाइल रॅप’ म्हणतात. चुन्याच्या रंगाहून या फिल्मचा स्वभाव नेमका उलट आहे. ती मोटारीशी एकजीव होत नाही, केवळ तिला धरून राहते. योग्य वेळी ती सोलून काढता यावी आणि खालचा मूळ रंग जसाच्या तसा मिळावा, हाच तिचा खरा गुण होय. घरच्या घरी हे काम करणाऱ्याने हा गुण कसा जपावा, हे समजण्यासाठी प्रथम तिची घडण पाहू.

लाटलेली आणि ओतलेली

ही फिल्म पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजेच पी.व्ही.सी. या द्रव्याची असते. पाण्याचे कडक नळ याच द्रव्याचे असतात. मग ते कापडासारखे मऊ कसे होते? अमेरिकेतील गुडरिच कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ वॉल्डो सेमन हे १९२६ साली रबर धातूला चिकटविणारे द्रव्य शोधीत होते. तसे द्रव्य हाती लागले नाही. परंतु उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवात तापविलेले पी.व्ही.सी. निवल्यावर लवचिक राहते, असे त्यांना आढळले. अशा द्रवांना मृदुकारक म्हणतात. त्यांचे रेणू पी.व्ही.सी.च्या लांबलचक साखळ्यांमध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकींवरून सरकू देतात.

फिल्म बनविण्याच्या रीती दोन. पहिलीत तापलेले द्रव्य रुळांमध्ये दाबून लाटतात. दुसरीत द्रवरूप मिश्रण सपाट पृष्ठावर ओतून भट्टीत सुकवितात. हा भेद आपल्या स्वयंपाकघरातीलच आहे. लाटलेली पोळी पोळपाटावर किंचित आखडते, कारण ताणलेली कणीक पूर्वरूपाकडे धाव घेते. ओतलेल्या धिरड्यात असा ताण नसतो. लाटीव फिल्मही उन्हात आखडू पाहते आणि तिच्या कडा उचलल्या जातात. ओतीव फिल्म चिकट लेप सोडून सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनही पातळ असते आणि मोटारीच्या वळणांवर शांतपणे बसते. ती महाग असते. परंतु संपूर्ण मोटारीसाठी तीच घ्यावी.

चिकटण्याचे रहस्य

१९२५ साली अमेरिकेतील थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी मास्किंग टेप तयार केली, तीही मोटारी रंगविणाऱ्यांची अडचण पाहून. दुरंगी मोटारी रंगविताना चिकटविलेला कागद काढला की ताजा रंगही निघून येई. ड्रू यांच्या पट्टीवरील लेप नुसत्या दाबाने चिकटे आणि अलगद सुटे. रॅपच्या पाठीवर याच जातीचा लेप असतो. तो वाळत नाही. अत्यंत दाट द्रवासारखा वागतो. दाब दिला की तो पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचांत वाहत जातो आणि रेणूंच्या परस्पर आकर्षणाने पकड घेतो. ही पकड पुढील काही तासांत वाढत जाते.

यावरून दोन गोष्टी ओघानेच येतात. एक, धुळीचा एक कण राहिला तरी त्याच्याभोवती फिल्मचा तंबू उभा राहतो. दुसरी, मेण वा तेलाचा थर असेल तर लेप मोटारीला नव्हे, त्या थरालाच चिकटतो. म्हणून मोटार साबणाने धुवून, पूर्ण वाळवून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. दारांच्या कडा आणि फटी विसरू नयेत. फिल्म सुटू लागते ती तेथूनच.

ऋतू आणि हात

या कामाला साधारणतः २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान सोयीचे. जयपुरात मे-जूनमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि उन्हातील पत्र्याला हात लावणे कठीण होते. अशा पत्र्यावर लेप टेकताक्षणी पकड घेतो व फिल्म नको तितकी ताणली जाते. त्यातच पावसाळ्यापूर्वीच्या आंधीची धूळ. उलट जानेवारीच्या पहाटे फिल्म ताठर असते. म्हणून नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीतील दिवस निवडावा, बंद गॅरेज घ्यावे आणि आदल्या रात्री जमिनीवर सडा शिंपावा, म्हणजे धूळ बसेल.

सोबतीला एक माणूस अवश्य घ्यावा. दोघांनी फिल्म पत्र्यावर अलगद धरावी आणि मध्यापासून कडांकडे, कडेला मऊ कापड लावलेल्या स्क्वीजीने, एकावर एक येणारे पट्टे ओढीत दाबावी. चांगल्या फिल्मच्या लेपात सूक्ष्म नाल्या असतात. हवा त्यांतून निघून जाते. सुरकुती पडली तर जोर करू नये. फिल्म उचलावी, हीट गनने किंचित ऊब द्यावी; ती सपाट झाली की पुन्हा बसवावी. आरंभ दार किंवा छपरासारख्या सपाट भागाने करावा. बंपर व आरसे शेवटी, किंवा ते कारागिराकडेच सोपवावेत.

ताणलेली फिल्म आपला मूळ आकार विसरत नाही. खोलगट भागात आज ती नीट बसलेली दिसली, तरी पुढील उन्हाळ्यात सुटून वर येते. म्हणून सर्व बसवून झाल्यावर अशा जागा आणि कडा निर्मात्याच्या पत्रकात दिलेल्या तापमानापर्यंत, बहुधा ९० ते ११० अंशांपर्यंत, तापवाव्या लागतात. तेव्हा आतील ताण सैल होतो आणि फिल्म नवा आकार धरते. तापमान मापकानेच मोजावे, अंदाजाने नव्हे.

येथे दोन धोके ध्यानी ठेवावेत. अल्कोहोलची वाफ पेट घेते. ते पूर्ण उडून गेल्यावाचून आणि बाटली दूर ठेवल्यावाचून हीट गन लावू नये. तसेच ब्लेड थेट रंगावर चालवू नये. त्याचा ओरखडा फिल्मखाली लपतो, पण पत्र्याला गंज चढविण्यास पुरेसा असतो. आत दोरा असलेली कापण्याची पट्टी मिळते. ती फिल्मखाली लावून दोरा ओढला की फिल्म स्वच्छ कापली जाते.

सोलण्याची वेळ

जर्मनीतील टॅक्सीचालकांनी या फिल्मचा मोठा उपयोग केला. टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग आवश्यक असे, आणि त्या रंगाची जुनी मोटार विकणे कठीण जाई. फिल्म सोलली की मूळ रंगाची मोटार गिऱ्हाइकापुढे उभी करता येई.

परंतु सोलता येण्याला मुदत असते. सूर्याचे अतिनील किरण पी.व्ही.सी.च्या साखळ्या तोडतात, मृदुकारक हळूहळू निघून जातो आणि फिल्म ठिसूळ होते. बॉनेट व छप्पर ऊन सरळ झेलतात. तेथे हे प्रथम घडते. मुदत उलटलेली फिल्म सलग निघत नाही. तिचे तुकडे पडतात व लेप पत्र्यावरच राहतो. म्हणून रंग फिका पडू लागताच, ऊब देऊन, कमी कोनात सावकाश सोलावी. पत्र्याला पूर्वी दुरुस्तीचा कच्चा रंग दिलेला असेल, तर तो फिल्मबरोबर निघून येण्याचा संभव असतो. उरलेले तुकडे कचऱ्यात जाळू नयेत. त्यांतून हायड्रोजन क्लोराइड व डायऑक्सिन ही अपायकारक द्रव्ये बाहेर पडतात.

कायद्याचेही भान हवे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ प्रतिबंध करते, आणि रंग हा त्या तपशिलांपैकी एक आहे. तेव्हा रंग पालटण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करून नोंद बदलून घ्यावी. लष्करी हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. तो निवडू नये.

परकोटाच्या भिंतीने रंग घेतला तो दगड होऊन, कायमचा. मोटारीची ही त्वचा मात्र पाहुणी आहे. तिला स्वच्छ जागा द्यावी, ओढाताण करू नये आणि वेळ झाली की सन्मानाने निरोप द्यावा, म्हणजे खालचे घर शाबूत राहते.