घरातली पंगतही समतेची हवी

बाहेर समता मागणाऱ्या आपल्या घरांत शेवटी कोण जेवते? वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला दिसते, बहुतेक घरांत आईच. उरलेल्या कालवण-भाकरीवर ती भागवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. निकस आहार हे त्याचे एक मोठे कारण.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पत्नीचा सन्मान हे पतीचे कर्तव्य सांगितले आहे. त्याची सुरुवात ताटापासून करूया. रात्री सर्वांनी सोबत बसावे, मोबाईल बाजूला ठेवावा, वाढण्याची पाळी मुलग्यांनीही घ्यावी. सगळे समोर असले की कुणाला कमी पडले ते दिसते. मुलांच्या शाळेतल्या अडचणीही तेव्हाच कळतात. मीटिंगमुळे वेळ मागेपुढे होईल. पण आईसाठी थांबण्याची सवय आपण मोडू नये.