दहा मिनिटांचे काम

आपल्या घरांत वीज येऊन तीन-चार पिढ्या उलटल्या, पण वायरमनला किती पैसे द्यायचे हे काही आपले अजून ठरलेले नाही. इस्त्रीवाला, दूधवाला, पेपरवाला यांचे दर सगळ्या सोसायटीला तोंडपाठ असतात. डॉक्टरांची फी विचारायची नसते, मुकाट्याने द्यायची असते. वायरमन या दोहोंच्या मध्ये कुठेतरी लटकलेला. त्याचे काम आटोपले की ‘किती झाले?’ असे विचारायचे आणि तो सांगेल त्या आकड्यावर ‘अबब!’ म्हणायचे, अशी आपली रीत.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. आमच्या भागात वायरमन नुसता येऊन बघून गेला तरी आज दोन-तीनशे रुपये घेतो. घराचे सगळे वायरिंग करायचे असेल तर दर पॉइंटवर ठरतो. मोबाइलच्या अ‍ॅपवरून माणूस बोलावला तर दर आधीच कळतो, घासाघीस उरत नाही. पण येणारा दर वेळी नवा, आणि आपल्या भिंतींतून तारा कुठून कुठे गेल्या आहेत हे त्याच्या गावी नसते. सामानाचे पैसे वेगळे. ते मात्र आपण कुरकुर न करता देतो, कारण सामान डोळ्यांना दिसते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मजल्यावर एक प्रसंग घडला. शेजारच्या काकांना आंघोळीच्या वेळी नळाला हात लावला की झिणझिण्या येत. आठवडाभर त्यांनी ‘थंडीमुळे असेल’ म्हणून काढला. शेवटी आमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावले. त्याने टेस्टर लावला, गीझर उतरवला, बोर्ड उघडला. पाऊण तासाने उलगडा झाला. गीझरच्या कॉइलमधून वीज त्याच्या अंगात उतरत होती, आणि ती जमिनीत नेणारी हिरवी तार तीन पिनांच्या सॉकेटमागे कुणी जोडलेलीच नव्हती. बोर्डात ती व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली होती! त्याने तार जोडली, कॉइल बदलली आणि सामान सोडून पाचशे रुपये सांगितले.

‘‘अरे, दहा मिनिटांचं तर काम! पाचशे कसले?’’ काका म्हणाले.

‘‘काका, काम दहा मिनिटांचंच. शोधायला पाऊण तास गेला ना.’’

शेवटी चारशेवर तडजोड झाली. काका जिंकल्याच्या आनंदात होते. मला मात्र तो शंभर रुपयांचा विजय काही पचला नाही.

त्या दिवशी चहा घेता घेता मी वायरमनला त्याच्या दिवसाचा हिशेब विचारला. तो आयटीआयमध्ये दोन वर्षांचा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करून आलेला. राहतो धायरीला. दिवसाला चार, फार तर पाच घरे होतात. ऐन गर्दीत एका घरून दुसऱ्या घरी जायलाच पाऊण तास. एखादा जुन्या पद्धतीचा स्विच किंवा पंख्याचा रेग्युलेटर जवळच्या दुकानात मिळाला नाही, तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जायचे. तिथे सगळे मिळते, पण अर्धा दिवस जातो. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे कोण देणार? पावसाळ्यात कामे रीघ लावून येतात, इतर महिन्यांत दोन-दोन दिवस फोन वाजत नाही. हाताखालचा मुलगा असतो, त्याचा रोज द्यायचा. हे सगळे त्या ‘दहा मिनिटांत’ बसवायचे. मला तर वाटते, छोट्या कामाला महाग म्हणतो ते आपण वाटेचे आणि वाट पाहण्याचे पैसे देत असतो.

असो. पैशांपेक्षा मला खुपते ते दुसरेच. घासाघीस केली की कात्री कुठे लागते? दिवा लागला नाही तर गिऱ्हाईक ओरडणार, म्हणून दिव्याला ती लागत नाही. ती लागते न दिसणाऱ्या गोष्टींना. तार एका नंबरने बारीक येते, अर्थिंगची तार ‘नंतर बघू’ म्हणून राहते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार अलीकडच्या काळात देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी १० हजारांहून अधिक माणसे दगावतात. वीजजोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतच होते. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे तेवढी वगळली होती. परवाना बघायला मागितलेला गृहस्थ मला तरी अजून भेटायचा आहे.

पुष्कळांचा समज असतो की, घरात एमसीबी बसवली म्हणजे धक्क्याची भीती गेली. तसे नाही. एमसीबी ताराही जळू नयेत म्हणून असते, माणसासाठी नव्हे. दिव्यांची साधी एमसीबी ६ अँपियरची. माणसाला वाचवणारी जी आरसीसीबी असते (जुने लोक तिच्यासारख्या डबीला ईएलसीबी म्हणतात) ती ३० मिलिअँपियरच्या फरकावर पडते, म्हणजे दोनशेपट कमी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा मेळ ती सतत घेत असते. मेळ चुकला, म्हणजे थोडी वीज भलत्या वाटेने, कदाचित कुणाच्या अंगातून, चालली आहे असे समजून ती क्षणार्धात पुरवठा तोडते. काकांच्या घरी ती असती तर झिणझिण्यांचा आठवडा निघालाच नसता.

काकांच्या प्रकरणानंतर सोसायटीने सगळ्या इमारतीचे अर्थिंग तपासून घेतले. खाली मीटरच्या खोलीजवळ मीठ-कोळसा घालून पुरलेली प्लेट होती, तिथे वर्षानुवर्षे कुणी पाणी ओतले नव्हते आणि वरची तार गंजून तुटली होती. दोन ठेकेदारांकडून अंदाजपत्रके आली. एक १ लाख ३२ हजारांचे, दुसरे ८४ हजारांचे. घरे २४. सभेत सगळ्यांचा कल अर्थातच दुसऱ्याकडे. मी दोन्ही कागद मागून घेतले आणि एकेक ओळ मोठ्याने वाचली. खड्डे तेच, तांब्याची तार तीच, मजुरीही जवळजवळ तेवढीच. फरक एकाच ओळीचा होता. पहिल्यात प्रत्येक घराला आरसीसीबी होती, दुसऱ्यात ती नव्हती. घरटी २ हजार रुपये.

‘‘चाळीस वर्षांत कुणाला काही झालंय का?’’ असे एकांनी विचारलेच. त्यावर शेजारचे काका उठले. गीझरचे नाव न काढता म्हणाले, ‘‘माझे दोन हजार घ्या.’’ ठराव पहिल्या अंदाजपत्रकाच्या बाजूने झाला, पण ज्याला डबी नको त्याने ती बसवू नये, अशी पुस्ती जोडून.

बावीस घरांत काम झाले. उरलेल्या दोन आरसीसीबी खोक्यासकट सोसायटीच्या कचेरीतल्या कपाटात पडून आहेत. वायरमन इमारतीत आला की त्या दोन्ही घरांची बेल वाजवतो. ‘‘काकू, बसवून टाकू का? मजुरी नको,’’ म्हणतो. परवाच्या रविवारीही विचारून गेला.