बुलेटच्या इंजिनासाठी पिस्टनची निवड

पार्श्वभूमी

सातारा-सांगली पट्ट्याचा इंजिनांशी संबंध जुना आहे. किर्लोस्करांच्या कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात स्वातंत्र्यापूर्वीच डिझेल इंजिने तयार होत होती. कराड परिसरात शेतपंप, उसाचे ट्रॅक्टर आणि जुन्या मोटरसायकली या सर्वांना कधी ना कधी बोअरिंगचे (झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठा करण्याचे) काम निघतेच. उदाहरणादाखल येथे बिडाच्या सिलिंडरची जुनी ३५० सीसी बुलेट घेतली आहे. तिचा बोअर (सिलिंडरचा आतील व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९० मिलिमीटर आणि घनक्षमता ३४६ घन सेंटिमीटर.

पिस्टनचे कार्य

ज्वलनाचा दाब पिस्टन झेलतो आणि गजन पिनमार्फत कनेक्टिंग रॉडकडे सोपवतो. वरच्या रिंगा वायू अडवतात, खालची रिंग भिंतीवरचे जादा तेल खरवडते. पिस्टन दिसतो गोल, पण तो किंचित लंबवर्तुळाकार असतो आणि माथ्याकडे निमुळता होत जातो. माथा अधिक तापतो व अधिक फुगतो, म्हणून त्याला आधीच लहान ठेवलेले असते. त्यामुळे पिस्टनचे माप माथ्यावर न घेता खालच्या स्कर्टवर, पिनच्या काटकोनात आणि उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवर घेतात.

आधी सिलिंडर, मग पिस्टन

निवड खऱ्या अर्थाने सिलिंडरच करतो. बोअर गेजने तो वर, मध्ये व खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजला जातो. सर्वाधिक झीज वरच्या रिंगेच्या शेवटच्या टप्प्याजवळ आढळते, कारण तेथे दाब व उष्णता जास्त आणि तेलाचा थर पातळ असतो. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे, पिस्टन साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी मिळतात. झीज ०.१८ मिलिमीटर असेल तर ०.२५ पुरेल असे वाटते, पण हा हिशेब फसवा आहे. ती सगळी झीज एकाच बाजूला असेल आणि मूळ मध्य कायम ठेवायचा असेल, तर व्यासात किमान ०.३६ मिलिमीटर काढावे लागतात; म्हणजे पिस्टन ०.५० चाच लागतो. ज्या लहानात लहान पायरीवर भिंत पूर्ण स्वच्छ होते ती योग्य. पुढच्या बोअरिंगसाठी तेवढी धातू शिल्लक राहते.

फट

पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा; तापल्यावर ॲल्युमिनियमचे प्रसरण बिडाच्या जवळपास दुप्पट होते. म्हणून दोघांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांची फट ठेवतात. ती कमी पडली तर पिस्टन सीझ होतो, जास्त झाली तर खडखडतो व तेल जाळतो. एकाच पायरीच्या दोन पिस्टनांतही सूक्ष्म फरक असू शकतो, म्हणून नवा पिस्टन हातात घेऊन, त्याच्या प्रत्यक्ष मापावरून बोअरिंग व होनिंग (घासून अंतिम माप देणे) करणे हीच खरी पद्धत. आधी बोअर मारून मग दुकानात पिस्टन शोधणे हा उलटा क्रम आहे. रिंगेच्या दोन टोकांतील अंतरही बोअरमध्ये घालून तपासतात. ७० मिलिमीटरला ते ढोबळमानाने ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते.

ओतीव की घडीव

ओतीव पिस्टनमध्ये साधारण १२ टक्के सिलिकॉन असते. सिलिकॉनमुळे प्रसरण घटते, झीज कमी होते आणि फट लहान ठेवता येते. घडीव पिस्टन अधिक चिवट असतो, पण कमी सिलिकॉनच्या मिश्रधातूचा असल्यास त्याला मोठी फट द्यावी लागते आणि थंड इंजिनात तो वाजतो. शर्यतीच्या इंजिनात हे चालते. कुंभार्ली घाट चढून पाटणमार्गे कराडला येणाऱ्या बुलेटला चांगल्या उत्पादकाचा ओतीव पिस्टन पुरतो. घाटात पिस्टन सीझ झाला, तर बहुधा फट, तेल किंवा इग्निशनचे टायमिंग चुकलेले असते.

संपीडन आणि वजन

१.०० ओव्हरसाइजने घनक्षमता सुमारे ३५६ घन सेंटिमीटर होते. मूळ संपीडन गुणोत्तर ६.५ धरले, तर ते फक्त ६.६६ पर्यंत जाते. ताकदीत जाणवेल असा फरक पडत नाही. उंच माथ्याचा पिस्टन मात्र गुणोत्तर बरेच वाढवतो आणि त्याबरोबर नॉकिंगचा (इंधनाच्या अनियंत्रित ज्वलनाचा) धोकाही. एकसिलिंडर इंजिनाचा क्रँक ठरावीक वजन गृहीत धरून संतुलित केलेला असतो, म्हणून पिस्टन फारच जड किंवा हलका निघाला तर कंपने बदलतात. जुना आणि नवा पिस्टन पिनसह तराजूत घालणे हे दोन मिनिटांचे काम आहे, तरी ते क्वचितच होते.

मर्यादा

अनेक नव्या मोटरसायकलींच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण लेप असतो. त्याचे नेहमीच्या पद्धतीने बोअरिंग होत नाही. बहुधा ब्लॉक-पिस्टनचा संचच बदलतात. बिडाच्या सिलिंडरची शेवटची पायरी संपली, तर त्यात स्लीव्ह ठोकून बोअर पुन्हा ७० मिलिमीटरवर आणता येतो, आणि मग पिस्टन स्टँडर्ड मापाचाच लागतो.