मागणी, पुरवठा आणि हशा

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे पाठ्यपुस्तक उघडले की काही पानांतच एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा भेटतात. एक मागणीची, वरून खाली उतरणारी. दुसरी पुरवठ्याची, खालून वर चढणारी. बहुतेकांचे या शास्त्राशी असलेले नाते त्या छेदबिंदूपाशीच संपते. परीक्षेपुरत्या रेषा काढल्या जातात, निकाल लागतो आणि पुस्तक रद्दीत जाते. गंमत अशी की, तोच विद्यार्थी पुढे आयुष्यभर सूक्ष्म अर्थशास्त्राचेच प्रश्न सोडवत असतो. घर विकत घ्यावे की भाड्याने राहावे, रिक्षाचे भाडे वाढल्यावर बसची वाट पाहावी का, नोकरी सोडून दोन वर्षे शिकायला गेल्यास एकूण खर्च किती पडेल, हे सारे या शास्त्राचे विषय आहेत. मात्र पुस्तकातल्या रेषा आणि घरातला हिशेब यांची गाठ पडत नाही.

ती गाठ घालून देण्याचे काम विनोद आणि व्यंगचित्रे करू शकतात काय? अमेरिकेतील योराम बाउमन या अर्थतज्ज्ञाने आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग या प्रश्नाला वाहिला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेले बाउमन रंगमंचावर उभे राहून अर्थशास्त्रावर विनोदी कार्यक्रम करतात. चित्रकार ग्रेडी क्लाइन यांच्या साथीने त्यांनी लिहिलेला ‘द कार्टून इंट्रोडक्शन टू इकॉनॉमिक्स’ या पुस्तकाचा सूक्ष्म अर्थशास्त्रावरील पहिला खंड २०१० मध्ये, तर समग्रलक्षी अर्थशास्त्रावरील दुसरा खंड २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

दहा तत्त्वांचे ‘भाषांतर’

बाउमन प्रथम गाजले ते एका विडंबनामुळे. हार्वर्डचे प्राध्यापक ग्रेगरी मॅनक्यू यांचे पाठ्यपुस्तक जगभरातील महाविद्यालयांत वापरले जाते. त्याच्या सुरुवातीलाच अर्थशास्त्राची दहा तत्त्वे दिली आहेत. बाउमन यांनी या भारदस्त तत्त्वांचे सामान्य माणसाच्या बोलीत, प्रत्येकी मोजक्या शब्दांत ‘भाषांतर’ केले. २००७ मध्ये अमेरिकेतील विज्ञान परिषदेच्या वार्षिक अधिवेशनात त्यांनी ते सादर केले आणि त्याची चित्रफीत इंटरनेटवर सर्वदूर पोहोचली.

वरवर पाहता ही निव्वळ थट्टा आहे. पण तिच्यात एक धडा दडलेला आहे. व्यापारामुळे सर्वांचे भले होऊ शकते, असे मूळ तत्त्व सांगते. बाउमन ते उलटे करून, व्यापारामुळे सर्वांचे वाईटही होऊ शकते, असे म्हणतात. श्रोते हसतात आणि मग त्यांच्या लक्षात येते की, मूळ वाक्यातील ‘होऊ शकते’ या दोन शब्दांकडे आपले लक्षच गेले नव्हते. ‘होऊ शकते’ म्हणजे ‘होतेच’ नव्हे. कोणत्या परिस्थितीत होते आणि कोणत्या परिस्थितीत होत नाही, हे तपासणे हेच तर अर्थशास्त्राचे काम आहे. पाठ्यपुस्तक वाचताना जो शब्द डोळ्यांखालून निसटतो, तो विनोदाने पकडून दिला.

विनोद आणि सिद्धांत यांचे गोत्र एक

अर्थतज्ज्ञांवर रचलेले जुने विनोद घेतले तरी हेच आढळते. एका निर्जन बेटावर तिघे शास्त्रज्ञ अडकतात. जवळ अन्नाचा बंद डबा आहे, पण तो उघडण्याचे साधन नाही. पदार्थविज्ञानवाला डबा दगडावर आपटण्याचा कोन सांगतो, रसायनशास्त्रज्ञ तो तापविण्याचा उपाय सुचवितो. अर्थतज्ज्ञ मात्र शांतपणे म्हणतो, ‘डबा उघडण्याचे साधन आपल्याकडे आहे, असे गृहीत धरू.’ दुसऱ्या विनोदात रस्त्यावर पडलेली वीस डॉलरची नोट पाहून अर्थतज्ज्ञ पुढे निघून जातो. नोट खरी असती तर ती आतापर्यंत कोणी तरी उचललीच असती, हे त्याचे कारण.

पहिला विनोद गृहीतकांविषयी आहे. ग्राहकाला सर्व माहिती आहे, बाजारात असंख्य विक्रेते आहेत, कोणालाही बाजारात विनाअडथळा येता-जाता येते, अशा गृहीतकांवर ‘पूर्ण स्पर्धे’ची इमारत उभी असते. ती काढून घेतली तर काय उरते, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. दुसरा विनोद संतुलनाविषयी आहे. सहज मिळणारा नफा बाजारात फार काळ पडून राहत नाही, हे खरे. पण तो राहत नाही याचे कारण कोणी तरी वाकून नोट उचलतो. सगळ्यांनीच अर्थतज्ज्ञासारखे तर्क केले, तर ती तिथेच पडून राहील. सिद्धांताची ताकद आणि त्याचा कच्चा दुवा, दोन्ही एका ओळीत दिसतात.

बाउमन आणि क्लाइन यांच्या पहिल्या खंडाची रचनाही अशीच एका विसंगतीभोवती फिरते. पुस्तकाचे तीन भाग आहेत: एकटी व्यक्ती आपल्या हिताचा निर्णय कसा घेते, मोजक्या व्यक्ती एकमेकांच्या चालीचा अंदाज घेऊन कशा वागतात, आणि असंख्य व्यक्ती बाजारात एकत्र आल्या की काय होते. या तिन्ही भागांतून एकच प्रश्न पुढे सरकतो. प्रत्येकाने स्वतःचे हित साधले, तर सर्वांचे हित केव्हा साधते आणि केव्हा साधत नाही? शहाणपणाने वागणाऱ्या माणसांच्या हातून मिळून घडणारा वेडेपणा हा विनोदाचा सनातन विषय आहे. सूक्ष्म अर्थशास्त्राचाही तोच आहे.

चौकटीत काय दिसते?

व्यंगचित्राला येथे एक सोय आहे. चौकटींमुळे काळाचे तुकडे पडतात आणि तरीही सारे तुकडे एकाच पानावर, एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात. ‘घटत्या सीमांत उपयोगिते’चा सिद्धांत घ्या. पोटभर थाळी मिळणाऱ्या खानावळीत बसलेल्या गिऱ्हाइकाची चार चित्रे कल्पावीत. पहिल्या पुरणपोळीला चेहऱ्यावर ब्रह्मानंद, दुसरीला समाधान, तिसरीला शिष्टाचार आणि चौथीला काकुळती. पोळी तीच, तूप तेच. बदलला तो प्रत्येक वाढीव पोळीपासून मिळणारा आनंद. ‘सीमांत’ या शब्दाचा अर्थ शेवटचा वाढीव नग असा आहे, हे समजावण्यास तो चेहरा पुरेसा आहे.

दुसरे उदाहरण शहरी वाचकांच्या अधिक ओळखीचे. इमारतीत पाण्याचा दाब कमी आहे. एक रहिवासी आपल्या नळाला पंप जोडतो. त्याला भरपूर पाणी मिळते. शेजाऱ्याचे कमी होते, म्हणून तोही पंप आणतो. अखेरच्या चौकटीत प्रत्येक घरात पंप घरघरत आहे, प्रत्येकाचे वीजबिल वाढले आहे आणि मुख्य वाहिनीतून येणारे पाणी पूर्वीइतकेच आहे. कोणीही मूर्खपणा केलेला नाही. दुसऱ्याने पंप लावला असो वा नसो, स्वतः लावणे प्रत्येकाच्या फायद्याचेच होते. पाठ्यपुस्तकात याला ‘कैद्यांचा पेच’ म्हणतात. रँड कॉर्पोरेशनमधील मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी १९५० मध्ये हा खेळ मांडला आणि गणितज्ञ अल्बर्ट टकर यांनी त्याला दोन कैद्यांच्या गोष्टीचे रूप दिले. म्हणजे या सिद्धांताचा प्रसारसुद्धा आकड्यांच्या तक्त्यापेक्षा गोष्टीमुळेच झाला.

असा पेच सुटत नाही असे मात्र नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक कुरणे, मासेमारीची ठिकाणे, पाटपाणी यांचा अभ्यास करून दाखविले की, माणसे आपापसांत नियम ठरवून आणि त्यांवर लक्ष ठेवून सामायिक साधने टिकवू शकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. पंपांच्या चित्रमालिकेला गृहनिर्माण संस्थेच्या सभेची आणखी एक चौकट जोडता येते, असा याचा अर्थ. ती चौकट काढायची राहिली, तर वाचक अर्धाच धडा घेऊन उठतो.

परंपरा जुनी आहे

अर्थशास्त्राला ‘उदासवाणे शास्त्र’ ही पदवी १८४९ मध्ये थॉमस कार्लाईल यांनी दिली. तिचा संदर्भ फारसा सांगितला जात नाही. वेस्ट इंडीजमधील गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना सक्तीने कामाला लावावे, असे कार्लाईल यांचे म्हणणे होते. माणसांना मोकळे सोडा, श्रमाचा प्रश्न मागणी-पुरवठा सोडवील, ही अर्थतज्ज्ञांची भूमिका त्यांना रुचत नव्हती. तेव्हा ही पदवी शास्त्राच्या रुक्षपणापेक्षा त्याच्या उदारपणावरील रागातून आलेली आहे.

त्याच काळात फ्रान्समध्ये फ्रेडरिक बास्तिया हे उपहासातून अर्थशास्त्र शिकवीत होते. १८४५ मधील त्यांच्या एका लेखात मेणबत्त्या व दिवे बनविणारे उत्पादक संसदेकडे अर्ज करतात. एक परकी प्रतिस्पर्धी फुकट प्रकाश ओतून आमचा धंदा बुडवीत आहे, तरी खिडक्या-झरोके बंद करण्याचा कायदा करावा, अशी त्यांची मागणी असते. हा प्रतिस्पर्धी म्हणजे सूर्य! आयातीवर निर्बंध मागणाऱ्यांचा सारा युक्तिवाद बास्तिया यांनी तसाच उचलला आणि फक्त टोकाला नेला. १८५० मध्ये त्यांनी फुटलेल्या खिडकीची गोष्ट सांगितली. काच फुटली, काचवाल्याला काम मिळाले, म्हणून नुकसान हेच लाभ, असे लोक म्हणतात; पण त्याच पैशातून दुकानदार जे जोडे घेणार होता, ते आता घेतले जाणार नाहीत. जे झाले ते दिसते, जे व्हायचे राहिले ते दिसत नाही. ‘संधी खर्च’ ही संकल्पना याहून थोडक्यात सांगणे कठीण.

चित्र फसवूही शकते

मात्र जे पटकन पटते, ते पूर्ण असतेच असे नाही. १९७४ मध्ये वॉशिंग्टनमधील एका उपाहारगृहात अर्थतज्ज्ञ आर्थर लॅफर यांनी हातरुमालावर एक वक्ररेषा काढल्याची कथा प्रसिद्ध आहे. करांचा दर शून्य असेल तर महसूल शून्य, शंभर टक्के असेल तरीही शून्य. तेव्हा मध्ये कोठे तरी असा बिंदू असणार की, त्यापुढे दर वाढविल्यास महसूल घटेल. पत्रकार ज्यूड वानिस्की यांनी तिला ‘लॅफर वक्र’ असे नाव दिले. तर्कात खोट नव्हती. पण त्या रेषेवर आकडे नव्हते, आणि अमेरिका त्या बिंदूच्या अलीकडे आहे की पलीकडे हे चित्र सांगत नव्हते. तरीही १९८१ च्या रेगन यांच्या करकपातीच्या बाजूने ते चित्र मोठ्या आत्मविश्वासाने पुढे केले गेले. त्या दशकात अमेरिकेची वित्तीय तूट वाढली. एखादे चित्र डोक्यात बसले की, आकडे विचारण्याची गरजच वाटत नाही, हा त्यातला धोका.

स्वतः बाउमन यांनाही चित्राबाहेरच्या जगाचा अनुभव आला. धूर सोडणारा कारखाना दुसऱ्यांवर जो खर्च लादतो, तो त्याच्याकडून करारूपाने वसूल करावा, ही आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलेली कल्पना. बाउमन यांनी ती वॉशिंग्टन राज्यात प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला. कार्बनवर कर बसवावा आणि तितक्याच रकमेची सूट विक्रीकर व अन्य करांत द्यावी, असा प्रस्ताव २०१६ मध्ये मतदारांपुढे ठेवण्यात आला. विरोध केवळ उद्योगांचाच नव्हता. करातून येणारा पैसा स्वच्छ ऊर्जेवर आणि प्रदूषणाची झळ सोसणाऱ्या वस्त्यांवर खर्च व्हावा, असे म्हणणाऱ्या पर्यावरणवादी व कामगार संघटनाही पाठीशी उभ्या राहिल्या नाहीत. सुमारे ५९ टक्के मते विरोधात पडली. कर किती असावा याचे उत्तर आकृतीतून काढता येते. त्याचा पैसा कोणाला मिळावा, याचे उत्तर आकृतीत नसते. सूक्ष्म अर्थशास्त्र शिकणाऱ्याला हा फरक माहीत असणे अत्यावश्यक आहे.

मराठी वाचकांना चित्रांतून शिकणे नवे नाही. शि. द. फडणीस यांनी प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांसाठी काढलेल्या हसऱ्या चित्रांनी अनेकांच्या मनातली आकड्यांची भीती घालविली. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ महागाईचे चटके निमूटपणे सोसत राहिला आणि वाचकांना ते आपलेच चित्र वाटले. मात्र या दोन चित्रकारांचे काम वेगवेगळे आहे. लक्ष्मण यांचे चित्र महागाई कोणाला बोचते ते दाखवते; ती का होते, हे समजावणे हा त्याचा उद्देश नाही. शिकविणाऱ्या चित्राला मात्र कारणाची साखळी दाखवावीच लागते. तसे मराठी चित्रपुस्तक सूक्ष्म अर्थशास्त्रासाठी झाले, तर त्याचा लाभ केवळ वाणिज्य शाखेपुरता राहणार नाही.

तोवर या विषयाकडे वळू पाहणाऱ्या वाचकाने एक साधी सवय लावून घ्यावी. अर्थशास्त्रावरील विनोदाला मनापासून हसावे आणि मग तीन प्रश्न विचारावेत. येथे काय गृहीत धरले आहे? कोणती किंमत चौकटीबाहेर राहिली आहे? आणि शेवटी पैसे कोण भरतो? हे प्रश्न घेऊन तो पुन्हा त्या छेदणाऱ्या दोन रेषांकडे गेला, तर त्या रेषांमागे उभी असलेली माणसे त्याला दिसू लागतील. गणित त्यानंतर करावे लागेलच. ते विनोदाने टळत नाही. पण ते कशासाठी करायचे, हे तरी तोपर्यंत कळलेले असेल.