आलुबुखार आणि कर्जतचा जानेवारी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत फार्महाउसांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतशी त्यांच्या आवारातील फळझाडांची हौसही आंबा, चिकू, नारळ यांच्या पलीकडे गेली असून, रोपवाटिकांच्या फलकांवर आणि समाजमाध्यमांवरील जाहिरातींत आता सफरचंद, पीच आणि आलुबुखार, म्हणजे बाजारात ‘प्लम’ या नावाने विकले जाणारे आंबटगोड लाल फळ, यांची कलमे ‘कोणत्याही हवामानात येणारी’ म्हणून दिसू लागली आहेत. ती घेणाऱ्याचा प्रश्न बहुधा ‘कोणती जात लावावी’ असा असतो. त्यावर वनस्पतिशास्त्राचा प्रतिप्रश्न असा, की त्या जागी जानेवारीच्या रात्री किती थंड असतात आणि ती थंडी किती तास टिकते.

थंड प्रदेशातील पानझडी फळझाडे हिवाळ्याच्या तोंडावर कळ्या मिटून सुप्तावस्थेत जातात, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र ती जागी होतात ती केवळ ऊब आल्यामुळे नव्हे, तर आधी पुरेशी थंडी सोसल्यामुळे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. डिसेंबरातल्या चार उबदार दिवसांनाच वसंत समजून जे झाड फुलेल, त्याचा मोहोर पुढच्या हिमात जळेल, म्हणून थंडीचा ठरावीक कोटा भरल्याखेरीज कळी उघडायचीच नाही, अशी व्यवस्था या झाडांत उत्क्रांत झाली आहे. हा कोटा शीततासांत मोजतात. हिवाळाभरात पारा शून्याच्या वर पण सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली राहिलेल्या तासांची बेरीज म्हणजे शीततास.

ही गोष्ट निर्विवादपणे दाखवून देणाऱ्या फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव आज फळबागांच्या पुस्तकांत क्वचितच आढळते. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या कोव्हिलने विसाव्या शतकाच्या आरंभी रानटी ब्लूबेरीला बागेत आणण्याचा ध्यास घेतला आणि त्या ओघात त्याच्या असे लक्षात आले, की हिवाळाभर उबदार काचघरात जपलेली रोपे वसंतात जागी होत नाहीत, तर बाहेर गारठ्यात टाकलेली रोपे वेळेवर पालवतात. यावर कोणी म्हणू शकले असते, की फरक मुळांतला असेल किंवा रसातला; म्हणून त्याने काचघरातील एका झाडाची एकच फांदी काचेतील भोकातून बाहेर काढून ठेवली. मुळे तीच, माती तीच, पाणी तेच. तरीही वसंत येताच बाहेरची फांदी पानांनी भरून गेली आणि आतले उरलेले झाड काड्यांसारखे निजून राहिले. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या या प्रयोगातून सिद्ध झाले, की थंडीचा हिशेब झाडाच्या मध्यवर्ती कोठारात नव्हे, तर कळीकळीत स्वतंत्रपणे ठेवला जातो. विज्ञानाच्या इतिहासात इतक्या कमी सामग्रीत इतके निर्णायक उत्तर देणारे प्रयोग मोजकेच असतील.

त्या हिशेबाचा तपशील पुढे हळूहळू उलगडला. सुप्त कळीत पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म वाटा कॅलोज नावाच्या शर्करायुक्त पदार्थाने बुजतात आणि दीर्घ थंडीत तयार होणारी विकरे त्या पुन्हा मोकळ्या करतात. शिवाय मेक्सिकोत आढळलेल्या, कधीच न निजणाऱ्या एका पीचच्या अभ्यासातून, सुप्ती राखणाऱ्या सहा जनुकांचा एक गट हाती लागला.

आलुबुखाराच्या जातींचा विषय निघाला, की प्रसिद्धी मात्र कोव्हिलच्याच काळातील ल्यूथर बरबँकला मिळते. कॅलिफोर्नियातील या संकरकाराने १८८५ मध्ये जपानहून रोपे मागवली आणि पुढे आलुबुखाराच्या शंभराहून अधिक जाती बाजारात आणल्या. हिमाचल प्रदेशात आज मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी ‘सांता रोझा’ ही १९०६ ची जात त्याचीच. परमहंस योगानंदांनी आपले आत्मचरित्र त्याला अर्पण केल्यामुळे भारतातही तो संतपदाला पोहोचला, परंतु कार्नेगी संस्थेने त्याला १९०५ पासून अनुदान देऊन त्याची पद्धत नोंदवण्यासाठी जॉर्ज शल हा आनुवंशशास्त्रज्ञ पाठवला, तेव्हा शास्त्रीय म्हणता येतील अशा नोंदीच फारशा हाती लागल्या नाहीत आणि काही वर्षांत अनुदान बंद झाले. बरबँकची फळे खरी होती, यात शंका नाही. ती कुठे येतील आणि कुठे येणार नाहीत, हे सांगण्याची सोय मात्र कोव्हिलच्या फांदीने केली.

त्या सोयीचा उपयोग कर्जतला करून पाहता निष्कर्ष स्पष्ट निघतो. ‘सांता रोझा’ला तीनशे ते चारशे शीततास लागतात, तर फ्लोरिडा विद्यापीठाने उबदार हिवाळ्यासाठी मुद्दाम घडवलेल्या ‘गल्फ’ मालिकेतील जातींनाही दोनशे ते तीनशेच्या दरम्यान. थंडीच्या निरभ्र रात्री डोंगरउतारावरची जड, गार हवा खाली ओघळून खोऱ्यात साचते, त्यामुळे पहाटे कर्जत अनेकदा माथेरानपेक्षाही गार असते, हे खरे. पण तेव्हाही पारा दहा अंशांच्या आसपास थबकतो, सातखालच्या तासांची बेरीज जवळजवळ शून्यच राहते, आणि दुपारी तो तिशीकडे जात असल्याने रात्री थोडाफार भरलेला रांजणही गळून जातो. अशा ठिकाणी झाड मरत नाही, आणि फसगत नेमकी तिथेच होते: ते पाने धरते, उंच होते, चार-दोन फुले अवेळी काढते आणि मालकाला पुढच्या वर्षाची आशा लावते. त्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि साचलेले पाणी न सोसणारी मुळे, ही भर वेगळीच.

जातींची निवड हा खरा प्रश्न पंजाबच्या मैदानात आहे. तिथली ‘सतलज पर्पल’ कमी थंडीवर फुलते, पण स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, कारण तिच्या फुलाची परागवाहिनी आपल्याच जातीचा पराग ओळखून त्याची वाढ रोखते. म्हणून तिच्या शेजारी ‘काला अमृतसरी’ लावावी लागते. एकच झाड आणून दोन वर्षे वाट पाहणारा बागमालक तिथेही निराशच होईल.

थंडीला पर्याय अजिबात नाहीत, असे नाही. पूर्व जावातील बातू येथे विषुववृत्ताजवळ सफरचंद पिकते, कारण तोडणी होताच मजूर झाडाची पाने हाताने ओरबाडतात आणि कळ्या गाढ निजण्याआधीच त्यांना पुन्हा फुटायला लावतात. महाराष्ट्राला ही युक्ती परकी नाही: डाळिंबाला पाणी तोडून ताण देणे व बहार धरणे, किंवा नाशिककडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी करून डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावणे, हे त्याच जातीचे उपाय आहेत. हिमाचलातील हरिमन शर्मा यांच्या ‘एचआरएमएन-९९’ या उष्ण प्रदेशातील सफरचंदाचे कौतुकही रास्त आहे. परंतु एका सफरचंदाच्या यशावरून आलुबुखाराच्या कलमावर ‘कोणतेही हवामान’ अशी चिठ्ठी लावणे, हा तर्क नव्हे, व्यापार आहे.

गमतीची बाब अशी, की इंग्रजांनी या भागातील निम्म्या फळांना ‘प्लम’च म्हटले होते: जांभूळ ‘जावा प्लम’, अंबाडा ‘हॉग प्लम’, बोर ‘इंडियन प्लम’. यांपैकी एकाचेही आलुबुखाराशी जवळचे नाते नाही. आलुबुखार गुलाबाच्या कुळातला, तर जांभूळ लवंगेचे सख्खे भावंड. माथेरानच्या जंगलात अंजनीच्या जोडीने जांभूळच उभे असते, आणि ठाकूर-कातकरी बायका ज्या फळांचे द्रोण विकायला आणतात, तीही याच झाडाची. कर्जतच्या बागेत जातीच्या निवडीला अर्थ असेल, तर तो इथे आहे. रेल्वेने काही स्थानके अलीकडे असलेल्या बदलापूरच्या आणि पालघरमधील बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले असून, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ ही मोठ्या फळाची जात दिली आहे.

जांभळाची बी मात्र अविश्वासू असते. ती सुकली की थोड्याच दिवसांत रुजण्याची शक्ती गमावते, आणि अनेकदा एका बीतून दोन-तीन रोपे उगवतात, ज्यांपैकी काही मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असतात तर एखादे परागातून आलेले निराळेच निघते. डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणून खात्रीच्या झाडाचे कलमच घ्यावे लागते, ज्याला फळही बियांच्या झाडापेक्षा काही वर्षे आधी येते. निवडताना आकार आणि गोडी यांच्याइतकेच ते केव्हा पिकते हेही पाहावे लागते, कारण कर्जतला जांभूळ मेअखेरीस रंगू लागते आणि वळवाची एक जोराची सर आली, की पिकलेला घोस फुटून सगळा सडा चिखलात पडतो.